ऑस्ट्रेलियाचा रीजनल स्पॉन्सरशिप व्हिसा: मालकाने काय करायचे असते आणि आपण काय तपासायचे

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांना परदेशातील नोकरी नवी नाही. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात मस्कत, कुवेत, दुबई किंवा दम्मामला राहून आलेला माणूस गावोगावी भेटतो, आणि त्याच्या अनुभवावरूनच पुढची पिढी परदेशाचा अंदाज बांधते. त्या अनुभवाने आपल्याला पुष्कळ काही शिकविले आहे. पण एक समजूत अशीही रुजविली आहे, की व्हिसा एजंटाकडे असतो, त्याचा भाव ठरलेला असतो आणि तो भाव मोजला की माणूस विमानात बसतो. अलीकडे मोबाईलवर ऑस्ट्रेलियातील ‘रीजनल स्पॉन्सरशिप’च्या जाहिराती फिरू लागल्या आहेत आणि वेल्डर, कुक, मेकॅनिक, नर्स अशी कामे करणारी आपली मुले त्यांची चौकशी करीत आहेत. आखातात चालून गेलेली ती समजूत इथे लावली, तर पैसे तर जातीलच, शिवाय कायद्याच्या दृष्टीने आपणच दोषी ठरण्याचा धोका आहे. म्हणून ही व्यवस्था आतून कशी चालते, ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

ज्या व्हिसाबद्दल हे सगळे चालले आहे, त्याचा क्रमांक ४९४ आहे. मालकाने पुरस्कृत केलेल्या कुशल कामगाराला ऑस्ट्रेलियाच्या प्रादेशिक भागात पाच वर्षे राहून काम करण्याची मुभा देणारा हा तात्पुरता व्हिसा १६ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी १८७ क्रमांकाचा व्हिसा होता आणि त्यावर कामगाराला थेट कायमचे वास्तव्य मिळत असे. नव्या व्यवस्थेत आधी तात्पुरता काळ काढावा लागतो आणि कायमच्या वास्तव्यासाठी नंतर वेगळा अर्ज करावा लागतो. एखादा एजंट आजही ‘जाताक्षणी पीआर’, म्हणजे कायमचे वास्तव्य, असे सांगून ४९४ विकत असेल, तर तो बंद झालेल्या दाराची किल्ली विकत आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

‘प्रादेशिक’ म्हटले की ओसाड वाळवंटातील एखादे गाव डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात व्याख्या खूपच व्यापक आहे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळली, तर उरलेला बहुतेक सारा देश प्रादेशिक मानला जातो. पर्थ, ॲडलेड, होबार्ट, डार्विन, राजधानी कॅनबेरा, न्यूकॅसल, गोल्ड कोस्ट ही सगळी शहरे त्यात येतात. आपल्याकडे मुंबई, पुणे आणि नागपूर सोडून नाशिकपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्याला एकच नियम लावावा, तसाच हा प्रकार आहे. यामागील कारणही आपल्याला परके वाटू नये. तिथेही नोकऱ्या आणि माणसे दोन-तीन मोठ्या शहरांकडे ओढली जातात आणि लहान गावांतील गॅरेज, मांस प्रक्रिया कारखाने, वृद्धाश्रम, दवाखाने यांना माणूस मिळत नाही. कोकणातली तरुण मुले मुंबईला गेल्यावर मागे काय उरते, हे आपण पाहिलेले आहे. ती पोकळी परदेशी कामगारांनी भरून काढावी, आणि त्यांनी तिथेच काही वर्षे टिकून राहावे, या हेतूने हा व्हिसा आखलेला आहे. पुढची प्रत्येक अट या हेतूशी जोडून पाहिली, की तिचा अर्थ लागतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. हा व्हिसा एका अर्जावर मिळत नाही. तीन वेगवेगळ्या मंजुऱ्या लागतात आणि त्यांपैकी पहिल्या दोन मालकाच्या नावावर असतात. पहिली मंजुरी म्हणजे मालकाने सरकारमान्य स्पॉन्सर होणे. त्यासाठी त्याचा धंदा कायदेशीरपणे आणि प्रत्यक्षात चालू असावा लागतो. अर्जाचे शुल्क ४२० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि मान्यता साधारणपणे पाच वर्षे टिकते. ही पायरी तुलनेने सोपी आहे. दुसरी पायरी नॉमिनेशनची, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

नॉमिनेशनमध्ये मालक सरकारला सांगतो, की माझ्याकडे अमुक पद रिकामे आहे आणि त्यावर मला अमुक माणूस घ्यायचा आहे. ते पद पूर्ण वेळचे असावे लागते, निदान पाच वर्षे टिकेल असे दिसावे लागते, प्रादेशिक भागातच असावे लागते आणि सरकारने जाहीर केलेल्या कुशल व्यवसायांच्या यादीत बसावे लागते. स्थानिक माणूस मिळतो का, हे मालकाने आधी जाहिरात देऊन पाहिलेले असावे लागते. याशिवाय त्या भागातील एका मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेचे मत लागते. ही संस्था राज्य सरकारचा एखादा विभाग असू शकते किंवा स्थानिक व्यापारी मंडळही असू शकते. त्या गावात त्या कामाला काय पगार मिळतो, हे दिल्लीसारख्या दूरच्या राजधानीतील कचेरीपेक्षा तिथल्याच माणसांना अधिक ठाऊक असते, असा त्यामागील विचार आहे. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, कारण कागदावर दाखविलेले पद आणि प्रत्यक्षातले काम यांतील तफावत जवळच्या माणसाच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

पगाराच्या अटीवर थोडे थांबावे लागेल, कारण फसवणूक ओळखण्याची खूण बहुतेक वेळा इथेच सापडते. मालकाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, त्याच जागी तेच काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकाला जो पगार मिळतो किंवा मिळाला असता, त्यापेक्षा कमी पगार परदेशी कामगाराला दिला जाणार नाही. दोन, तो बाजारभावाचा पगारच मुळात सरकारने ठरविलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी नाही. ही मर्यादा २०१३ पासून कित्येक वर्षे ५३,९०० डॉलरवर गोठलेली होती. जुलै २०२३ मध्ये ती ७०,००० झाली, जुलै २०२४ मध्ये ७३,१५० झाली आणि १ जुलै २०२५ पासून वर्षाला ७६,५१५ डॉलर झाली. आता दरवर्षी १ जुलैला तिचा आढावा घेतला जातो, त्यामुळे अर्ज करण्याच्या वेळचा आकडा ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. या दोन्ही अटी एकत्र वाचाव्या लागतात. त्या गावात वेल्डरला ८५,००० डॉलर मिळत असतील, तर मालकाला आपल्याकडच्या मुलाला ७६,५१५ वर ठेवता येत नाही, ८५,००० द्यावे लागतात. उलट त्या कामाचा स्थानिक भावच ६५,००० असेल, तर ‘परदेशी माणसाला जास्त देतो’ असे सांगूनही ते पद नॉमिनेट करता येत नाही. स्वस्त मजूर आणण्यासाठी हा रस्ता वापरला जाऊ नये, म्हणून ही तजवीज आहे. मर्यादेच्या या आकड्यात निवृत्तिनिधीची रक्कम धरलेली नसते. तिथे तिला ‘सुपर’ म्हणतात. १ जुलै २०२५ पासून ती पगाराच्या १२ टक्के आहे आणि मालकाने ती पगाराव्यतिरिक्त भरायची असते.

तिसरी मंजुरी कामगाराच्या व्हिसाची. सर्वसाधारणपणे अर्जाच्या वेळी वय ४५ पेक्षा कमी असावे, त्या व्यवसायातील किमान तीन वर्षांचा पूर्ण वेळ अनुभव असावा, इंग्रजीची पातळी आयईएलटीएस परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही भागांत किमान ६ गुण, किंवा मान्य असलेल्या अन्य परीक्षेत तितकीच, असावी, आणि कौशल्याची अधिकृत तपासणी झालेली असावी. या तपासणीकडे आपली मुले दुर्लक्ष करतात आणि मग वर्षभर अडकतात. वेल्डर, फिटर, मोटर मेकॅनिक, कुक अशा कामांची तपासणी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था करवून घेते. आधी कागदपत्रे पाहिली जातात आणि पुढे तांत्रिक मुलाखत किंवा प्रत्यक्ष कामाची चाचणी होते. तिथे आयटीआयचे प्रमाणपत्र एकटे पुरत नाही. नोकरी केल्याचा पुरावा, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, कामाचे स्वरूप तपशिलात सांगणारे अनुभवपत्र, हे सगळे मागितले जाते. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली दहा वर्षे उत्तम वेल्डिंग केलेल्या, पण रोखीने पगार घेतलेल्या कारागिराची अडचण नेमकी इथे होते: हात तयार असतात, कागद नसतात. परदेशाचा विचार मनात असेल, तर आजपासूनच पगार बँकेत घ्यावा आणि प्रत्येक ठिकाण सोडताना अनुभवपत्र मागून घ्यावे.

आता खर्चाचा मुद्दा. स्पॉन्सर होण्याचा खर्च, नॉमिनेशनचा खर्च, त्यासाठी मालकाने नेमलेल्या सल्लागाराची फी आणि कामगार शोधण्याचा खर्च ही सर्वस्वी मालकाची जबाबदारी आहे. याशिवाय ऑस्ट्रेलियन तरुणांच्या प्रशिक्षणासाठी एक कर प्रत्येक नॉमिनेशनमागे मालकाकडून घेतला जातो: वार्षिक उलाढाल एक कोटी डॉलरपेक्षा कमी असेल तर एकदाच ३,००० डॉलर, आणि त्याहून जास्त असेल तर ५,००० डॉलर. हे पैसे कामगाराकडून वसूल करणे, किंवा नंतर पगारातून कापणे, कायद्याने बंद आहे. कामगाराने स्वतःच्या व्हिसा अर्जाचे शुल्क, इंग्रजीची परीक्षा, कौशल्य तपासणी, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला आणि स्वतःसाठी नेमलेल्या सल्लागाराची फी भरण्यात मात्र काही गैर नाही. या दोन खर्चांमधली रेघ स्पष्ट आहे आणि ती पुसट करण्यातच फसविणाऱ्याचा फायदा असतो.

त्याही पुढची तरतूद डिसेंबर २०१५ पासून लागू आहे. स्पॉन्सरशिप देण्याच्या बदल्यात पैसे किंवा अन्य लाभ मागणे अथवा घेणे हा ऑस्ट्रेलियात गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. स्पॉन्सरशिपसाठी पैसे देऊ करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो आणि त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. आखातात जाताना जमीन गहाण ठेवून व्हिसाचे पैसे भरलेल्या माणसाकडे आपण सहानुभूतीने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तोच व्यवहार त्या माणसाला गुन्ह्याच्या कडेवर नेऊन उभा करतो.

लोट्यातील एका फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने मला त्याच्याकडे आलेले ऑफर लेटर वाचायला दिले होते. कागद जाड होता, वर रंगीत बोधचिन्ह होते, खाली शिक्का होता. पद वेल्डरचे, आणि व्हिसाच्या रकान्यात ४९४ हा आकडा स्वच्छ छापलेला. पगार ५८,००० डॉलर, त्यात सुपर आणि राहण्याची सोय धरलेली. कामाचे ठिकाण मेलबर्नचे एक उपनगर. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘स्पॉन्सरशिप चार्जेस’ दोन हप्त्यांत, त्यांपैकी पहिला हप्ता आठ दिवसांत. वरचे नियम ठाऊक असलेल्या माणसाला हे पत्र एका बैठकीत पारखता येते. पगार किमान मर्यादेच्या खाली आहे. मेलबर्न महानगरातील नोकरीवर ४९४ मिळूच शकत नाही. आणि स्पॉन्सरशिपचे शुल्क कामगाराकडून मागणे हाच मुळात गुन्हा आहे. त्या मुलाने पैसे भरलेले नव्हते, याचे मला आजही समाधान वाटते. परंतु त्याच पत्राच्या आणखी प्रती कोणाकोणाकडे गेल्या असतील, ही चिंता आहेच.

कोकणातल्या कामगाराने अधिक सावध राहण्याचे एक वेगळे कारण आपल्याच देशाच्या कायद्यात आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार आखाती देशांसह एकूण १८ देशांत नोकरीसाठी जाताना, ज्याच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे ‘उत्प्रवासनाची परवानगी आवश्यक’ अशी, नोंद आहे त्याला, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. सामान्यतः दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ही नोंद असते. या निमित्ताने भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मालक, करार आणि विमा यांची काही एक छाननी होते. ऑस्ट्रेलिया या १८ देशांत नाही. त्यामुळे तिकडे निघालेल्या कामगाराच्या करारावर भारतातील कोणत्याही सरकारी कचेरीची नजर आपोआप पडत नाही; ती छाननी त्याला स्वतःच करावी लागते. देश कोणताही असला, तरी परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाला या कायद्याखाली नोंदणी करावीच लागते, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटीपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेटवर कोणालाही पाहता येते. भरती करणारा एजंट आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा सल्ला देणारा मायग्रेशन एजंट या दोन वेगळ्या भूमिका आहेत; दुसऱ्याची नोंदणी ऑस्ट्रेलियातील प्राधिकरणाकडे असते, त्याला सात आकडी क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. तिथले वकील मात्र या नोंदणीशिवायही सल्ला देऊ शकतात.

व्हिसा मिळाल्यावर कामगार दोन बाबतींत बांधला जातो: मालकाशी आणि प्रदेशाशी. मालकाशी असलेले बंधन आखातातल्या कफीलची, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाची, आठवण करून देणारे आहे, पण त्याची पकड सारखी नाही. कामगाराने नॉमिनेट झालेलेच काम त्या स्पॉन्सरकडे करावे, हा नियम आहे. नोकरी सुटली, किंवा मालकाशी पटले नाही म्हणून सोडली, तर १ जुलै २०२४ पासून सलग १८० दिवसांपर्यंत आणि व्हिसाच्या साऱ्या मुदतीत मिळून ३६५ दिवसांपर्यंतचा अवधी मिळतो. पूर्वी तो बराच कमी असे. या काळात दुसरे काम करून पोट भरता येते आणि नवा मालक शोधता येतो. नवा मालक मान्यताप्राप्त स्पॉन्सर असला पाहिजे आणि त्याने त्याच व्यवसायासाठी नव्याने नॉमिनेशन केले पाहिजे. जुन्या मालकाच्या संमतीची गरज नसते आणि पासपोर्ट त्याच्याकडे ठेवण्याचा तर प्रश्नच येत नाही. कामगाराने नोकरी सोडली, तर मालकाने २८ दिवसांच्या आत सरकारला कळवायचे असते, आणि कामगाराने लेखी मागणी केली, तर त्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्चही द्यायचा असतो.

प्रदेशाशी असलेले बंधन अधिक चिवट आहे, कारण ते कुटुंबालाही लागू होते. नवऱ्याला किंवा बायकोला कोणाकडेही नोकरी करता येते, मुलांना शाळेत जाता येते, मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेचा लाभही मिळतो. पण राहणे, काम करणे आणि शिकणे हे सगळे प्रादेशिक भागातच झाले पाहिजे. सिडनीत ओळखीचे कोणी आहे म्हणून तिकडे राहायला गेले आणि टपालाचा पत्ता तेवढा गावाकडचा ठेवला, असे करून चालत नाही.

कष्टाची पिळवणूक तिथेही होते, हे लपविण्यात अर्थ नाही. अठ्ठावीस-तीस मैलांवर दुसरे गाव नाही अशा ठिकाणी, एकाच मालकाकडे नोकरी आणि त्याच्याच घरात भाडेकरू, अशी स्थिती असेल, तर माणूस तोंड उघडायला घाबरतो. पण कायदा त्याच्या बाजूला आहे. पूर्ण वेळ काम म्हणजे सामान्यतः आठवड्याला ३८ तास, पगार झाल्यापासून एका कामाच्या दिवसात पगारपत्रक, आणि स्थानिक कामगाराला असलेले सगळे हक्क परदेशी कामगारालाही आहेत. फेअर वर्क ओम्बुड्समन या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करता येते. जुलै २०२४ पासून, पिळवणुकीविरुद्ध दाद मागणाऱ्या कामगाराचा व्हिसा त्या कारणाने लगेच रद्द होऊ नये, अशा संरक्षणाची सोयही करण्यात आली आहे. कामाचे तास रोज वहीत लिहून ठेवावेत आणि पगारपत्रकाची प्रत घरी कोणाला तरी पाठवीत जावी.

वय किंवा इंग्रजी आड येत असेल, तर ‘डामा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रादेशिक करारांची चौकशी करावी. ऑस्ट्रेलियाचे केंद्र सरकार आणि तिथला एखादा विशिष्ट भाग यांच्यातील हा करार असतो. नॉर्दर्न टेरिटरीने २०१५ मध्ये याची सुरुवात केली. त्यात काही व्यवसायांसाठी वय, इंग्रजी किंवा पगार यांत सवलत मिळते आणि नेहमीच्या यादीत नसलेली काही कामेही येतात. मात्र डामाचा अर्ज कामगाराला स्वतः करता येत नाही. मालकानेच आधी मान्यता मिळवायची असते, म्हणून ‘डामात नाव घालतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्याला थारा देऊ नये.

कायमच्या वास्तव्यासाठीचा व्हिसा १९१ क्रमांकाचा आहे आणि तो १६ नोव्हेंबर २०२२ पासून खुला झाला. ४९४ वर किमान तीन वर्षे काढलेली असावीत, व्हिसाच्या अटी पाळलेल्या असाव्यात आणि त्या काळातील तीन वर्षांची तिथल्या आयकर खात्याची करनिर्धारण पत्रे जोडावीत, अशी त्याची मागणी आहे. यासाठी मालकाच्या सहीची किंवा नव्या नॉमिनेशनची गरज लागत नाही. ‘माझ्याशी वाकडे घेतलेस तर पीआर मिळू देणार नाही’ अशी धमकी कोणी मालक देत असेल, तर या टप्प्यावर त्याच्या हातात ते नाही, हे कामगाराला माहीत असायला हवे. उलट त्या तीन वर्षांत काही पगार रोखीने घेतला आणि कर भरला नाही, तर नुकसान कामगाराचेच होते, कारण १९१ च्या अर्जात त्याची बाजू मांडणारा कागद आयकर खात्याचाच असतो.